ट्रान्सफॉर्मरच्या पोटात काय चाललंय

विजेच्या उपकेंद्रातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर एक पत्र्याची पेटी बसवलेली असते. दार उघडलं की आत गोल तबकड्या दिसतात. एकीला ओटीआय म्हणतात, दुसरीला डब्ल्यूटीआय. पहिली तेलाचं तापमान दाखवते आणि ते खरोखर तेलात मोजलेलं असतं. दुसरी दाखवते वाइंडिंगचं, म्हणजे आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांचं तापमान. गंमत अशी, की त्या वेटोळ्यांपर्यंत तिचा हात पोचलेलाच नसतो.

पोचणार तरी कसा? तिथे हजारो, कधी लाखो व्होल्ट असतात. साधा धातूचा तापमापक नेऊन टेकवायची सोय नाही. मग जुन्या इंजिनियर मंडळींनी एक युक्ती काढली. टाकीच्या वरच्या भागात, जिथे तेल सर्वांत गरम असतं, तिथे तापमापकाचा बल्ब ठेवायचा आणि त्याच्या जोडीला एक चिमुकला हीटर द्यायचा. वाइंडिंगमधून जेवढा करंट वाहतो, त्याचा ठरलेला छोटा हिस्सा सीटीमार्फत, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरमार्फत, या हीटरला पुरवायचा. लोड वाढला की हीटर जास्त तापतो आणि काटा तेलाच्या तापमानाच्या पुढे सरकतो. किती पुढे सरकायचा, ते कारखान्यात तापमानवाढीची चाचणी करून बसवून दिलेलं असतं. आमच्या धंद्यात याला थर्मल इमेज म्हणतात. ठरावीक अंशांवर हीच तबकडी पंखे चालू करते, त्याच्यावर गेलं तर अलार्म वाजवते, आणि त्याही पुढे गेलं तर ट्रान्सफॉर्मर सरळ बंद पाडते. संगणक उपकेंद्रात यायच्या कितीतरी आधीपासून हे चाललंय.

मी वडोदऱ्यात ट्रान्सफॉर्मरची तब्येत तपासायचं काम करते. राहते वासणा रोडला. माहेर दांडिया बाजारातलं, जिथे गणपतीत आरती मराठीत होते आणि प्रसाद हातात पडल्यावरची चर्चा गुजरातीत. शिक्षण कलाभवनात झालं. सयाजीरावांनी 1890 साली काढलेली ती संस्था आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. या शहरात ट्रान्सफॉर्मर बनवणारे, तपासणारे आणि दुरुस्त करणारे इतके आहेत, की आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेलाच्या नमुन्यांवर गप्पा रंगू शकतात. अलीकडे त्या गप्पांत नवा शब्द आलाय, डिजिटल ट्विन. विक्रेत्यांच्या प्रत्येक सादरीकरणात पडद्यावर एक निळसर, पारदर्शक ट्रान्सफॉर्मर गोल गोल फिरत असतो. ‘मॅडम, हे तुमच्या ट्रान्सफॉर्मरचं जुळं.’ मी विचारते, फिरतंय ते छानच, पण याला कळतं काय काय?

हा प्रश्न खवचट वाटेल, पण जगभरचे संशोधकही गेली वीसेक वर्षं याच प्रश्नाभोवती घुटमळत आहेत.

कल्पनेचा उगम सांगताना 2002 हे साल दिलं जातं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात मायकेल ग्रीव्ह्ज यांनी एक आकृती मांडली. एका बाजूला खरी वस्तू, दुसऱ्या बाजूला संगणकातली तिची प्रतिकृती, आणि दोघींमध्ये माहितीची ये-जा. वस्तू कारखान्यातून बाहेर पडली म्हणून तिचं संगणकातलं चित्र कपाटात टाकायचं नाही. ती वापरात असेपर्यंत, मोडीत निघेपर्यंत, दोघींनी बरोबर राहायचं. ‘डिजिटल ट्विन’ हे नाव नासाच्या जॉन विकर्स यांच्याकडून आलं आणि 2010 च्या सुमारास नासाच्या तंत्रज्ञान आराखड्यातून ते रूढ झालं.

नासाचं नाव निघालं की अपोलो 13 ची गोष्ट येतेच. एप्रिल 1970 मध्ये चंद्राच्या वाटेवर, पृथ्वीपासून तीन लाखांहून अधिक किलोमीटरवर, यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली. वीज जपून वापरायची होती. यान जवळजवळ पूर्ण बंद ठेवून परत येताना ते कोणत्या क्रमाने सुरू करायचं, हे जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये घासून पाहिलं गेलं, आणि मग तो क्रम वर कळवला गेला. याला पहिलं ट्विन म्हणायची पद्धत आहे. मला ते मान्य नाही. वरची परिस्थिती खालच्या सिम्युलेटरमध्ये माणसं हाताने भरत होती. जिवावर बेतल्यावर केलेली ती विलक्षण कामगिरी होती, पण ट्विन म्हणायचं तर ही देवाणघेवाण आपोआप आणि सतत चालली पाहिजे.

ही भेदरेषा 2018 मध्ये व्हिएन्नातल्या काही संशोधकांनी नीट आखून दिली. त्यांनी तीन पायऱ्या मांडल्या. वस्तूची माहिती माणूस हाताने भरत असेल तर ते नुसतं डिजिटल मॉडेल. माहिती वस्तूकडून आपोआप येत असेल, पण परतीची वाट नसेल, तर ती डिजिटल छाया. आणि दोन्ही दिशांनी आपोआप ये-जा असेल, म्हणजे संगणकातला निष्कर्ष वस्तूच्या वागण्यात बदल घडवत असेल, तरच ट्विन. ही फूटपट्टी घेऊन त्यांनी कारखानदारीवरचे तोवरचे शोधनिबंध मोजले, तेव्हा खऱ्या अर्थाने ट्विनबद्दलचे निबंध पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी निघाले. उरलेल्यांत बहुतेक छाया, नाहीतर मॉडेल. शोधनिबंधांची ही गत, तर विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी या विषयातल्या संशोधनाच्या उणिवांवर एक जाडजूड अहवाल काढला. त्यातली व्याख्या मला कामाची वाटते. तिचा सारांश असा, की ट्विन ही आभासी रचना खऱ्या वस्तूच्या घडणीची, परिस्थितीची आणि वागण्याची नक्कल करते, वस्तूकडून येणाऱ्या माहितीने सतत सुधारत राहते, पुढे काय होईल ते सांगू शकते, आणि तिच्यावरून निर्णय घेता येतात. त्रिमितीय चित्राचा यात उल्लेखच नाही. पडद्यावर नुसता एक आकडा आणि एक आलेख असला तरी ट्विन असू शकतं.

आता ही व्याख्या आमच्या डब्ल्यूटीआयला लावून बघू. नक्कल करते का? करते. माहिती आपोआप येते का? येते, सीटीतून. परत काही करते का? पंखे लावते, ट्रिप करते. म्हणजे व्हिएन्नाच्या फूटपट्टीने पाहिलं तर ती बऱ्याच महागड्या सॉफ्टवेअरच्या पुढची निघाली! अडतं ते इतर ठिकाणी. तिला आठवण नाही. काल दुपारी ट्रान्सफॉर्मर तासन् तास तापला होता, हे आज तिला ठाऊक नसतं. तिला उद्याचं दिसत नाही. आणि ती सुधारत नाही. वाइंडिंग तेलापेक्षा किती गरम राहतं, याचा जो हिशेब कारखान्यात बसवला, तोच वीस वर्षांनीही चालू असतो, मग आत तेलाच्या वाटेत गाळ साचलेला का असेना. आठवण ठेवणं, पुढचं सांगणं आणि स्वतःला सुधारणं, एवढंच ट्विनकडून जास्तीचं हवं आहे. आणि एवढ्यातच सगळं संशोधन अडकलंय.

का अडकलंय, ते समजायला ट्रान्सफॉर्मरच्या पोटात थोडं शिरावं लागेल.

ट्रान्सफॉर्मर म्हातारा होतो तो कागदामुळे. तांब्याच्या तारांवर कागद गुंडाळलेला असतो आणि तो तेलात भिजलेला असतो. तेल खराब झालं तर गाळता येतं, बदलता येतं. तांबं सहसा काही मागत नाही. कागद मात्र एकदा गेला की गेला. लाकडाच्या लगद्यापासूनच तो बनतो, आत सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या असतात. नव्या कागदात एकेका साखळीला सरासरी हजाराच्या आसपास कड्या असतात. उष्णता, पाणी आणि आम्ल यांनी त्या तुटत जातात आणि दोनशेच्या घरात आल्या की कागद जुन्या पोथीच्या पानासारखा होतो, बोट लावलं की भुगा. त्यानंतर बाहेर लाइनवर शॉर्टसर्किट झालं, वेटोळ्यांना हिसका बसला, की खेळ खलास.

या म्हातारपणाचा वेग ठरतो आतल्या सर्वांत गरम जागेवरून. तिला हॉट-स्पॉट म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानकातला नियम सोपा आहे. साध्या कागदासाठी हॉट-स्पॉट 98 अंश सेल्सिअस असेल तर झीज नेहमीच्या वेगाने. तापमान सहा अंशांनी वाढलं की वेग दुप्पट, सहा अंशांनी उतरलं की निम्मा. 104 अंशांवर एक दिवस काढला की दोन दिवसांचं आयुष्य खर्ची पडतं. वडोदऱ्याच्या मे महिन्यात बाहेर 42-43 अंश, घरोघरी एसी, ट्रान्सफॉर्मरवर लोड चढलेला. आणि याच दिवसांत कंपनीला विचारायचं असतं, की अजून थोडा लोड दिला तर चालेल का?

ट्विनने याचं उत्तर द्यायचं. लोड, बाहेरचं तापमान, तेलाचं तापमान, कोणते पंखे चालू आहेत, हे सगळं दर मिनिटाला घ्यायचं, हॉट-स्पॉट काढायचा, आजवर किती कागद झिजला याची खतावणी ठेवायची, आणि सांगायचं, की संध्याकाळी सातपर्यंत दहा टक्के जादा लोड चालेल, त्यानंतर नको. कागदावर फार सुरेख आहे. आता त्या सहा अंशांकडे परत बघा. ट्विनच्या अंदाजात सहा अंशांची चूक झाली, तर झिजेच्या हिशेबात ती चूक दुपटीची होते. आणि हॉट-स्पॉट सहा अंशांच्या आत अचूक सांगणं हे खायचं काम नाही. ती जागा नेमकी कुठे आहे हेच आधी माहीत नसतं. नव्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बांधतानाच फायबर ऑप्टिकचे धागे वेटोळ्यांत घालता येतात, पण तेसुद्धा आधी अंदाज केलेल्या जागी. जुन्या, चालू ट्रान्सफॉर्मरमध्ये ते मागाहून घालता येत नाहीत, आणि ट्विनची खरी गरज असते ती जुन्यालाच.

म्हणून संशोधक म्हणतात, की ट्विनने नुसता आकडा सांगू नये, त्या आकड्यावर आपला स्वतःचा भरवसा किती आहे तेही सांगावं. ‘हॉट-स्पॉट 101’ असं नको. ‘96 ते 107 च्या मध्ये, बहुधा 101’ असं हवं. अनिश्चितता मोजणं हा अकादमींच्या अहवालातला एक मुख्य विषय आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात अवघड आहे, कारण चुका सगळ्या बाजूंनी येतात. मोजमापात चूक, मॉडेलमध्ये चूक, आणि उद्याचा लोड किती हा तर शुद्ध अंदाज. नवरात्रात गरब्याच्या मैदानांवर रात्रीचा लोड कसा चढतो ते आम्हाला पाठ होतं. आता छपराछपरांवर सोलर आलं, पार्किंगमध्ये विजेच्या गाड्या चार्ज होऊ लागल्या, आणि जुन्या आकड्यांवर तयार झालेलं मॉडेल गोंधळायला लागलं.

दुसरी अडचण मी जवळून पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. कागद तपासायला चालू ट्रान्सफॉर्मर उघडून तुकडा काढता येत नाही. मग तेलावरून ओळखायचं. कागद तुटताना फ्युरान नावाची रसायनं तेलात उतरतात, ती मोजायची. आतल्या दोषांनुसार तेलात वायू विरघळतात, तेही मोजायचे. तेल फार तापलं की इथिलीन, आत ठिणगी उडाली की ॲसिटिलीन, बारीक विद्युत गळती असेल तर हायड्रोजन, कागद जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड. कॅनडातल्या हायड्रो-क्वेबेकच्या मिशेल दुवाल यांनी 1970 च्या दशकात मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन या तीन वायूंच्या प्रमाणावरून दोष ओळखायचा जो त्रिकोण दिला, तो आजही आमच्या भिंतीवर लावलेला असतो.

एका उपकेंद्रात ऑनलाइन वायू मोजणारं यंत्र आणि त्यावर चालणारं ट्विन बसवलेलं होतं. एके दिवशी पडद्यावर आनंदीआनंद. सगळे वायू खाली, फ्युरान जवळजवळ शून्य, तब्येतीचा निर्देशांक हिरवा. ट्रान्सफॉर्मर रातोरात तरुण झाला होता! तिथले जुने ऑपरेटरकाका पडद्याकडे बघून म्हणाले, ‘‘बेन, आ बराबर नथी बतावतुं.’’ मग वहीत नोंद दाखवली. पंधरवड्यापूर्वी तेलाचं फिल्ट्रेशन आणि शुद्धीकरण झालं होतं. व्हॅक्यूमखाली तेल गाळलं की विरघळलेले वायू निघून जातात, मातीच्या गाळणीतून नेलं की फ्युरानही जातात. कागद होता तितकाच म्हातारा, फक्त त्याचा पुरावा धुऊन निघाला होता. ती नोंद वहीत होती, ट्विनला ती कुणी सांगितली नव्हती.

ही चूक मूर्खपणाची वाटते, पण तिच्यामागे खोल प्रश्न आहे. बाहेरून दिसणारी लक्षणं एकच आणि आतली कारणं अनेक, असं असताना उलटा माग कसा काढायचा? फ्युरान कमी आहेत, कारण कागद चांगला आहे? की तेल धुतलंय? की कागद सुधारित जातीचा आहे, जो मुळातच फ्युरान कमी सोडतो? ॲसिटिलीन वाढलं, म्हणजे आत ठिणगी उडतेय? की शेजारच्या टॅप चेंजरच्या (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) टाकीतून झिरपतंय, जिथे ठिणगी उडणं हे रोजचंच काम आहे? की वायू मोजणारं यंत्रच बिघडलंय? ट्रान्सफॉर्मर पस्तीस-चाळीस वर्षं जगतो. त्याच्यावर नजर ठेवणारा सेन्सर त्याच्या खूप आधी थकतो. पहारेकऱ्याचीच दृष्टी अधू झाली हे ट्विनने ओळखायचं कसं, यावर जगभर काम चालू आहे, आणि सरसकट उत्तर नाही.

‘एआय शिकून घेईल’ असं मला दर बैठकीत कुणीतरी सांगतं. शिकायला उदाहरणं लागतात. चांगला ट्रान्सफॉर्मर क्वचित बिघडतो, आणि बिघडला तर त्याची माहिती कंपनी बाहेर सांगत नाही. त्यामुळे ‘सगळं ठीक आहे’ अशा नोंदींचे डोंगर आणि बिघाडाच्या नोंदी मूठभर. अशा शिकवणीतून निघणारा विद्यार्थी सदैव ‘ठीक आहे’ म्हणायला शिकतो आणि बहुतेक वेळा बरोबरही ठरतो. मधला मार्ग म्हणून भौतिकशास्त्राचे नियम आणि माहितीवरून शिकणं यांची सांगड घालायचे प्रयत्न चालू आहेत. मॉडेलला आधीच सांगून ठेवायचं, की उष्णता कशी वाहते हे तुला नव्याने शोधायचं नाही, फक्त या विशिष्ट ट्रान्सफॉर्मरचे गुणांक शोध. मला ही दिशा पटते. पण तेलाच्या प्रवाहाचं पूर्ण गणित सोडवायला संगणकाला तास लागतात, कधी दिवस, आणि ट्विनला उत्तर मिनिटात हवं. मग गणित छाटावं लागतं. काय छाटलं तर चालेल आणि काय छाटलं तर नेमका घात होईल, हे ठरवणं हीच एक विद्याशाखा झाली आहे.

तपासणीचा प्रश्नही वेगळा आहे. पूल बांधला, भार टाकून तपासला, प्रमाणपत्र दिलं, असं इथे करता येत नाही. ट्विन रोज बदलतं. जानेवारीत तपासलेलं ट्विन जूनमध्ये तेच राहिलेलं नसतं. म्हणजे तपासणीही कायम चालू ठेवावी लागणार. ती कुणी करायची आणि कशाशी ताडून?

परतीच्या वाटेबद्दल मी जरा सावध आहे. ट्विन पंखे लावणार, टॅप बदलणार, लोड उतरवणार, तर त्याला उपकेंद्राच्या यंत्रणेत हात घालू द्यावा लागेल. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमध्ये वीज कंपन्यांच्या नियंत्रण यंत्रणेत बाहेरून शिरून हल्लेखोरांनी ब्रेकर उघडले. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. आत यायला जितकी दारं, तितका धोका. त्यामुळे आमच्याकडे बहुतेक ठिकाणी ट्विन सल्ला देतं आणि माणूस बटण दाबतो. काटेकोर व्याख्येने ते ट्विन ठरत नसेल, तर न ठरो.

आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर जो वितरण ट्रान्सफॉर्मर आहे, त्याच्या नशिबात यातलं काही नाही. त्याच्या किमतीच्या मानाने सेन्सर परवडत नाहीत. त्याची तब्येत म्हणजे लाइनमनचा हात, कान आणि तेलाचा वास. ट्विन ही सध्या तरी श्रीमंत यंत्रांची चैन आहे.

पण 2024 च्या ऑगस्टनंतर वडोदऱ्यात या विषयाला वेगळंच वळण लागलं. त्या महिन्याच्या शेवटी विश्वामित्री नदीने धोक्याची 26 फुटांची पातळी ओलांडली आणि ती 35 फुटांच्याही वर गेली. अर्ध्या शहरात पाणी. घरांत मगरी शिरल्याच्या चित्रफिती मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी आम्हालाच पाठवल्या. त्या दिवसांत सगळं शहर दोन आकड्यांवर जगत होतं, आजवा सरोवराची पातळी किती आणि काळा घोडा पुलापाशी नदीची किती. पावागढच्या बाजूला पडलेला पाऊस, सयाजीरावांच्या काळातल्या आजवा सरोवराचे 62 दरवाजे, तिथून नदीत येणारं पाणी, शहरातल्या कांसांतून, म्हणजे नाल्यांतून, उतरणारं पाणी, आणि पुलांखाली होणारी कोंडी. बाई म्हणून, गृहिणी म्हणून, इंजिनियर म्हणून, कुठल्याही नात्याने मला तेव्हा एकच हवं होतं. सहा तासांनी आमच्या गल्लीत पाणी किती असेल, हे कुणीतरी आत्ता सांगावं.

शहराचं ट्विन म्हणतात ते हेच. सिंगापूरने आपल्या बेटाचं त्रिमितीय प्रतिरूप बनवायचा प्रकल्प 2014 मध्ये जाहीर केला. युरोपीय संघाने तर अख्ख्या पृथ्वीच्या ट्विनचा ध्यास घेतलाय. ‘डेस्टिनेशन अर्थ’चा पहिला टप्पा जून 2024 मध्ये फिनलंडमधल्या काजानीच्या महासंगणकावर सुरू झाला. भारताच्या 2022 च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात 2035 पर्यंत मोठ्या शहरांची डिजिटल ट्विन उभी करायचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये दूरसंचार विभागाने डिजिटल ट्विनसाठी ‘संगम’ नावाचा उपक्रमही काढला.

विश्वामित्रीपुरतं बोलायचं, तर ट्रान्सफॉर्मरचीच दुखणी इथे मोठ्या मापात दिसतात. पूर मोजायचा तर नदीचं पात्र किती खोल, किती रुंद, हे जागोजागी माहीत हवं. 2025 च्या पावसाळ्याआधी शहरातल्या पात्रातला गाळ काढला गेला, पात्र रुंद केलं गेलं. चांगलं झालं. पण त्याच क्षणी 2024 च्या आकड्यांवर बेतलेलं कुठलंही मॉडेल जुनं झालं. आणि नदी काही तिथे थांबणार नाही. प्रत्येक पावसाळा नवा गाळ आणणार, कुणीतरी काठावर भराव टाकणार, कुठला तरी कांस बुजणार. फिल्ट्रेशनची नोंद जशी वहीत राहिली, तशी ही प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी फायलीत राहील आणि ट्विन आपल्या जुन्या नदीवर नव्या पावसाचे हिशेब करत बसेल. सेन्सर बसवण्याला उद्घाटन असतं. दर वर्षी पात्र पुन्हा मोजण्याला नारळही फुटत नाही.

शिवाय ट्रान्सफॉर्मर भाकीत ऐकत नाही, माणसं ऐकतात. उद्या ट्विनने सांगितलं, की अमुक रस्त्यावर रात्री पाणी येईल, तर लोक संध्याकाळीच गाड्या काढून उड्डाणपुलावर लावतील, पूल तुंबेल, आणि ज्या रस्त्यावरून बोटी न्यायच्या तोच बंद होईल. 2024 मध्ये लोकांनी पुलांवर गाड्या लावल्याच होत्या, कुठल्याही ट्विनने न सांगता. भाकिताने बदलणारं वर्तन भाकितात धरायचं कसं, याला इंजिनियरांकडे गणित नाही. इथे समाजशास्त्रज्ञ लागतात, आणि ते अजून या बैठकांना बोलावले जात नाहीत.

9 जुलै 2025 ला आमच्याच जिल्ह्यात मही नदीवरचा गंभीरा पूल तुटला. 1980 च्या दशकात बांधलेला, पादऱ्याकडून आणंदकडे जाणारा. किमान 20 जण गेले. दुसऱ्याच दिवसापासून ‘पुलांना सेन्सर लावा, ट्विन बनवा’ सुरू झालं. लावावेत, जरूर लावावेत. कंपनं, भेगा, बेअरिंगची हालचाल मोजता येते आणि मोजायलाच हवी. पण राष्ट्रीय अकादमींच्या व्याख्येतला शेवटचा तुकडा आहे निर्णयाचा. ट्विनने लाल दिवा दाखवल्यावर वाहतूक बंद करायचा अधिकार कुणाच्या सहीचा, किती तासांत, हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर तो दिवा शोभेचा. आमच्या डब्ल्यूटीआयचा एक गुण त्या फिरणाऱ्या निळ्या चित्रात नाही. तिची ट्रिपची तार थेट ब्रेकरला जोडलेली असते.

म्हणून आता ट्विनची निविदा तयार करायला कुणी मदतीला बोलावलं, तर त्रिमितीय चित्राच्या पानावर मी वेळ घालवत नाही. चार कलमं घालायला सांगते. प्रत्येक आकड्याबरोबर त्याची खालची-वरची मर्यादा दिसली पाहिजे. ऑपरेटरला स्वतःच्या भाषेत, वहीत लिहितो तितक्या सहज, ‘आज तेल गाळलं’, ‘पंखा क्रमांक तीन बदलला’ असं ट्विनला सांगता आलं पाहिजे. दर वर्षी एकदा ट्रान्सफॉर्मर बंद ठेवून प्रत्यक्ष चाचण्या करायच्या आणि ट्विनने आधी काय म्हटलं होतं ते त्यांच्याशी ताडून जाहीर करायचं. आणि कच्ची माहिती खुल्या स्वरूपात आमच्याकडे राहिली पाहिजे, कारण ट्रान्सफॉर्मर चाळीस वर्षं उभा राहील, सॉफ्टवेअर विकणारी कंपनी तोवर असेल की नाही कुणास ठाऊक. पहिली दोन कलमं विक्रेते हसत मान्य करतात. तिसऱ्यावर ‘वरून विचारून सांगतो’ म्हणतात आणि थोड्या ओढाताणीनंतर तेही होतं. चौथ्यावर अजून घोडं अडलेलं आहे.